बाबा आढाव गेले, कामगार संहिता आल्या. आपल्या कारीगराचे नाव कुठल्या वहीत आहे?

२०२५ च्या शेवटच्या तीन महिन्यांत तीन बातम्या आल्या. २ ऑक्टोबरला मुंबईत डॉ. जी. जी. पारीख यांचे निधन झाले. २१ नोव्हेंबरला केंद्र सरकारने चार कामगार संहिता देशभर लागू केल्या. आणि ८ डिसेंबरला पुण्यात डॉ. बाबा आढाव वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. वर्तमानपत्रांत या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. भिवंडीत, लूमच्या खडखडाटात राहणाऱ्या आम्हा लोकांना मात्र त्या एकत्रच वाचाव्या लागतील. कारण ज्या माणसांनी असंघटित मजुराला कायद्याच्या वहीत आणण्यासाठी आयुष्य घालवले ती माणसे गेली, आणि त्याच दिवसांत ती वहीच नव्याने लिहिली गेली.

आमचा प्रश्न साधा आहे. निजामपुऱ्यात, शांतीनगरात, गैबीनगरात रोज बारा तास लूमवर उभ्या राहणाऱ्या कारीगराचे नाव या नव्या वहीत आहे का? आणि नसेल तर त्याला फक्त सरकार जबाबदार आहे की आपणही?

ही माणसे कोण होती

नव्या पिढीला ही नावे माहीत नसतील, म्हणून थोडक्यात सांगतो. पारीख साहेब १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात तुरुंगात गेलेले समाजवादी. पनवेलजवळ तारा गावातले युसुफ मेहेरअली सेंटर त्यांनी उभे केले आणि शेवटपर्यंत सांभाळले. ज्यांच्या नावाने हे सेंटर आहे ते युसुफ मेहेरअली मुंबईचे मुसलमान. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक, १९४२ साली मुंबईचे महापौर. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या घोषणा त्यांच्या नावाशी जोडल्या जातात. अवघ्या ४७ व्या वर्षी, १९५० मध्ये ते वारले. समाजवाद आणि युनियन ही मुसलमानांना परकी गोष्ट आहे असे कोणी म्हणाले, तर मेहेरअलींचे नाव सांगावे. आपल्या घरातल्या मुलांनाही ते नाव पाठ असायला हवे.

बाबा आढाव पुण्यात दवाखाना चालवणारे आयुर्वेदाचे डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या हमालांच्या मान, पाठ, गुडघ्यांच्या तक्रारी औषधाने बऱ्या होण्यासारख्या नव्हत्या, कारण आजार पोत्याच्या वजनात होता. १९५० च्या दशकात त्यांनी हमाल पंचायत उभी केली. पुढे दवाखाना सुटला, पंचायत राहिली. १९७० च्या दशकात त्यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ गावोगाव नेली. १९७४ साली हमालांसाठी, गरिबांसाठी स्वस्त जेवणाचे 'कष्टाची भाकर' केंद्र सुरू केले. रिक्षावाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका, बांधकाम मजूर, मोलकरणी, ज्यांना कोणी कामगार म्हणायलाही तयार नव्हते, अशांच्या संघटना त्यांच्या भोवती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावरही, ते पुण्याच्या फुले वाड्यात निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध उपोषणाला बसले होते.

त्यांच्या राजकारणाशी प्रत्येकाचे पटेलच असे नाही. आमचेही सगळे पटत नाही. पण हमालाच्या बाबतीत त्यांनी आणि माथाडी चळवळीने जे करून दाखवले ते भिवंडीने बारकाईने पाहायला हवे.

माथाडी कायदा: एका वहीची गोष्ट

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले होते, पुण्यात बाबांनी. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे.

हमालाचा एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग पीएफ कोणी भरायचा, आजारपणात कोणी बघायचे? कायद्याने उत्तर काढले ते असे: सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे एक मंडळ. मालकाची मंडळात नोंद, हमालाचीही नोंद. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वर द्यायची. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना, सुट्टीचा पगार सांभाळणार.

म्हणजे मालक बदलला तरी हमालाचे नाव वहीतून जात नाही. सगळी किल्ली या नोंदीत आहे. मोर्चे, घोषणा, झेंडे हे नोंद मिळवण्याचे साधन होते.

या व्यवस्थेत खोट शिरली हेही खरे. काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली खंडणीखोर घुसले, काम न करता पैसे मागू लागले. भिवंडीच्या गोदामवाल्यांना हा प्रकार नवा नाही. हेच कारण देऊन राज्य सरकारने २०२३ मध्ये कायदा बदलण्याचे विधेयक आणले. बाबांसह माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की खंडणीखोराला पकडायला पोलिसांचे कायदे आहेत, त्यासाठी हमालाचे संरक्षण कशाला पातळ करता? आम्हाला हे म्हणणे पटते. पाकीटमार बसमध्ये चढतो म्हणून बस बंद करत नाहीत.

चार संहिता काय देतात, काय घेतात

आता २१ नोव्हेंबरकडे येऊ. जुने २९ कायदे एकत्र करून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा अशा चार संहिता केल्या. भाजपशी जवळीक असलेला भारतीय मजदूर संघ वगळता बहुतेक मोठ्या कामगार संघटनांचा विरोध आहे. ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप याच मागणीसाठी होता.

सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक धंद्यांपुरता न राहता सगळ्या कामांना लागू होतो. दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. मुदतीवर ठेवलेल्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. कागदावर या चांगल्या गोष्टी आहेत.

पण दुसरी बाजू बघा. पूर्वी वीज वापरणारा कारखाना दहा कामगारांवर 'फॅक्टरी' ठरत असे. आता ती मर्यादा वीस आहे. ठेकेदारीचे नियम वीस मजुरांवर लागू होत, ते आता पन्नासवर. शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळे लावायचे तर सरकारची परवानगी लागायची, आता तीनशेपर्यंत लागत नाही. संपाला चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागणार. आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जाणार.

भिवंडीत याचा अर्थ काय? इथला कारखाना म्हणजे बहुतेक वेळा एका छपराखाली दहा-बारा, वीस-चोवीस लूम. एक कारीगर चार-सहा लूम सांभाळतो. कांडीवाला, जॉबर, मेहता धरले तरी दोन पाळ्यांत मिळून माणसे थोडीच. दहाच्या मर्यादेतून सुटायला एकाच गाळ्याचे भाऊ, बायको, मुलगा अशा नावांवर तुकडे करायची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आता मर्यादा वीस झाल्यावर तर तुकडे करायचीही गरज उरत नाही. नेमणुकीच्या पत्राचा नियम दहाच्या वर आहे, आणि आपला कारीगर बहुधा दहाच्या आतच मोजला जातो. सवलत वरून गेली, बंधनही वरून गेले, आणि हा खाली लूमजवळ तसाच उभा.

विलायतेत काय चालले आहे

याच डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने नवा रोजगार हक्क कायदा मंजूर केला. तिथे आधीच्या सरकारने युनियनवर घातलेली बरीच बंधने त्यात काढली आहेत. संपाची नोटीस चौदा दिवसांवरून दहावर आणली. नोकरीवरून अन्यायाने काढल्यास दाद मागायला पूर्वी दोन वर्षे नोकरी झालेली लागे, ते सहा महिन्यांवर आणले. निवडणुकीत वचन होते पहिल्या दिवसापासून संरक्षण देण्याचे, तडजोडीत ते सहा महिने झाले, आणि तिथले जुने समाजवादी त्यावर नाराज आहेत. तरीही दिशा बघा. आपण चौदा दिवसांची अट घालत असताना तिकडे ती कमी होत होती.

असे का? एक कारण इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये युनियन आधी झाल्या. त्यांनी १९०० साली पार्लमेंटमध्ये आपली माणसे पाठवण्यासाठी समिती काढली आणि तिचीच १९०६ मध्ये लेबर पार्टी झाली. म्हणजे युनियनने पक्षाला जन्म दिला. आपल्याकडे बहुतेक उलटे झाले. पक्षांनी आपापल्या युनियन काढल्या. काँग्रेसची एक, कम्युनिस्टांच्या दोन, समाजवाद्यांची एक, संघाची एक. पक्ष फुटला की युनियन फुटते. निवडणूक आली की कामगाराला आधी जात-धर्म आठवण करून दिला जातो. बाबांनी हमाल पंचायत कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधली नाही, म्हणून ती टिकली.

पण विलायतेचा इतिहास फक्त जिंकण्याचा नाही. १९८४ च्या मार्चमध्ये तिथले खाणकामगार संपावर गेले, वर्षभर लढले आणि हरले. खाणी बंद झाल्या, गावेच्या गावे ओसाड पडली. आपल्याकडे त्याआधी, १८ जानेवारी १९८२ पासून, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. मागणी पगाराची होती, आणि जुन्या कायद्याने एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिलेली मक्तेदारी मोडण्याचीही होती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरून गेला, आणि गिरणगाव त्याबरोबर गेले. नव्या संहितेत ५१ टक्के कामगार असलेल्या युनियनलाच बोलणी करण्याचा एकट्याने हक्क आहे. जुने लोक हे वाचतात तेव्हा त्यांना तीच मक्तेदारी आठवते.

आणखी एक आठवण लंडनची. १९७६ मध्ये ग्रनविक नावाच्या फोटो धुणाऱ्या कारखान्यात जयाबेन देसाई या गुजराती बाईंच्या पुढाकाराने आपल्या देशातल्या बायका संपावर गेल्या. १९६८ मध्ये याच लंडनचे गोरे गोदी कामगार परदेशातून आलेल्यांविरुद्ध मोर्चा काढून रस्त्यावर आले होते. नऊ वर्षांनी गोरे पोस्टमन, खाणकामगार या साडी नेसलेल्या बायकांसाठी कारखान्याच्या दारात उभे राहिले. तो संप १९७८ मध्ये हरला. पण त्यानंतर तिथल्या युनियनना आशियाई कामगाराला बाहेरचा समजणे अवघड झाले.

भिवंडीला हा धडा नवा वाटू नये. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या शहराचे काय केले ते आपल्या घरांतल्या मोठ्यांना विचारा. माणसे गेली, लूम जळाले, आणि दोन्ही बाजूंचे कारीगर गावाकडे पळाले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यामागे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी आधीच उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्या होत्या. आमच्या मते त्या कमिट्या चालल्या याचे एक कारण धंदाही होता. मोमीन-अन्सारी सेठ, पद्मशाली कारीगर, उत्तर प्रदेश-बिहारचा मुसलमान आणि हिंदू मजूर, मारवाडी-गुजराती व्यापारी, सगळे एकाच धाग्याला बांधलेले आहेत. धागा तुटला की सगळ्यांची चूल थांबते.

आता आपल्याविषयी

इथे थोडे कडू बोलावे लागेल. १९८२ मध्ये गिरण्या बंद होत्या तेव्हा बरेच कापड यंत्रमागांवर विणून घेतले गेले. भिवंडीची भरभराट त्या काळात वाढली. गिरणीतल्या कामगाराला हजेरी, पीएफ, ईएसआयचा दवाखाना होता. तेच कापड भिवंडीत आले तेव्हा हे सगळे मागे मुंबईतच राहिले. मदनपुऱ्यातल्या गिरणीत काम करणाऱ्या जुलाह्याला जो हक्क होता तो त्याच्या भिवंडीतल्या नातवाला नाही. आणि नातवाचा सेठ बऱ्याचदा आपल्याच कौमचा असतो.

आम्ही शाळेत शिकवतो. प्रवेश अर्जात पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो. बहुतेक बाप तिथे 'मजुरी' लिहितात. कुठल्या कारखान्यात, किती वर्षांपासून, पगार किती, याचा एकही कागद त्यांच्याकडे नसतो. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीत जातात तेव्हा पगाराची चिठ्ठी मागितली की गप्प उभे राहतात. वीस वर्षे ज्याने लूम चालवला त्याला आपण लूम चालवतो हेच सिद्ध करता येत नाही.

याची किंमत २०२० मध्ये कळली. लॉकडाऊन लागला, लूम थांबले, भिशीत जेवण बंद झाले. नाशिक हायवेवर माणसे चालू लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला सुटलेल्या पहिल्या काही श्रमिक गाड्यांपैकी एक भिवंडीहून गोरखपूरला गेली. मोहल्ल्यांनी, मशिदींनी, तरुणांनी तेव्हा मनापासून राशन वाटले, अल्लाह त्यांना अज्र देवो. पण शहरात किती कारीगर आहेत आणि कोण कोणाच्या कारखान्यातला आहे, याची यादी कोणाकडेच नव्हती. जकात आणि सदका देताना आपण हात आखडत नाही. मजुरीच्या हिशोबाला मात्र कागद देत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही तालीम आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. मजुरी किती ठरली होती याची नोंदच नसेल तर ती पुरी दिली की नाही हे ठरवायचे कसे?

सेठचे म्हणणेही ऐका

छोटा सेठ म्हणेल, मास्तर, तुम्हाला बोलायला काय जाते? सुताचा भाव रोज बदलतो. वीजबिल डोक्यावर आहे. व्यापारी मीटरला ठरवून देतो तेवढेच मिळते आणि पेमेंट तीन-तीन महिने लटकते. सुरतचे नवे लूम माझ्या जुन्या लूमच्या कितीतरी पट कापड काढतात. पीएफ कुठून भरू?

हे म्हणणे खोटे नाही. चोवीस लूमचा सेठ बऱ्याचदा स्वतःच व्यापाऱ्याचा मजूर असतो, फक्त त्याच्या डोक्यावर कर्ज जास्त असते. म्हणूनच कारखान्या-कारखान्यात भांडून हा प्रश्न सुटणार नाही. आठ माणसांच्या गाळ्यात ५१ टक्क्यांची युनियन म्हणजे पाच जण, आणि त्यांना काढायला सेठला एक दिवस पुरतो.

माथाडीचा मार्ग इथेच उपयोगी पडतो. यंत्रमाग कारीगरांसाठी सरकार, मालक-व्यापारी आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ हवे. लेव्ही छोट्या सेठच्या खिशातून काढण्याऐवजी कापडाच्या सौद्यावर, मीटरमागे थोडी, ग्रे कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावी. अशी कल्पना देशात चालून गेली आहे. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर लावला होता, त्यातून त्यांचे दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर गेला आणि विडी कामगारांना त्याची झळ बसली. त्यातला धडा असा की निधीचा रस्ता कायद्यात पक्का हवा. अशी लेव्ही भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या सगळ्या केंद्रांना एकदम लागली तर कोणी म्हणू शकणार नाही की माझाच माल महाग झाला.

भिवंडीच्या गोदामांनाही हेच लागू आहे. मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांचा माल इथून निघतो आणि तो चढवणारा-उतरवणारा आपला पोरगा ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे असतो. चार नवीन संहितांनी माथाडी कायदा रद्द केलेला नाही, तो राज्याचा कायदा आहे आणि जागेवर आहे. गोदामात हमाली करणाऱ्यांनी माथाडी मंडळात नोंदणीची मागणी करावी. हा त्यांचा जुना हक्क आहे.

उद्यापासून काय करता येईल

मंडळ व्हायला वर्षे लागतील. माथाडी कायद्यालाही लागली होती. पण काही गोष्टींना सरकारची वाट बघायची गरज नाही.

सेठ लोकांनी, दहाच्या आत माणसे असली तरी, कारीगराला कामाचे साधे पत्र द्यावे: नाव, गाव, कामाची तारीख, मीटरचा दर. पगाराच्या दिवशी हिशोबाची चिठ्ठी द्यावी, त्यावर किती मीटर आणि किती कापले ते लिहावे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, ज्याला जे वाचता येईल त्यात. कारीगरांनी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल असला की ती फुकट होते. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना हे करता येते, त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या भिशीत एक रविवार बसावे. जमातींनी, मशिदीच्या ट्रस्टनी रमजानच्या किटसाठी याद्या बनवतानाच कारीगरांची नोंद करून घ्यावी. आणि महापालिकेपासून विधानसभेपर्यंत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही पक्षाचा असो, एकच सवाल विचारावा: यंत्रमाग कारीगरांच्या मंडळाविषयी तुम्ही सभागृहात काय बोललात?

काही भाऊ म्हणतील की आज कौमपुढे याहून मोठे प्रश्न आहेत, आधी सुरक्षेचे बोला. सुरक्षेचे बोलायलाच हवे. पण ज्या माणसाकडे आपण इथे वीस वर्षे राबलो याचा एकही कागद नाही, त्याला उद्या कोणीही 'तू कुठला?' असे विचारू शकतो. पगाराची चिठ्ठी ही त्याच्यासाठी रोटीही आहे आणि ओळखही.

बाबा आढावांना श्रद्धांजली वाहणारे ठराव भरपूर झाले. भिवंडीने त्यांना द्यायची श्रद्धांजली एका वहीची आहे. पुढच्या पगाराच्या दिवशी, निजामपुऱ्यातल्या कुठल्या तरी एका कारखान्यात मेहताने वही उघडून कारीगराचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहावे आणि त्याची एक प्रत त्याच्या हातात द्यावी. सुरुवात तेवढ्यावर होऊ शकते.